ओडिल तपासणीतून सुटते

१३ जून २०१९, गुरुवार. सकाळी भुरभुर, अकरानंतर ऊन. शतावरीचे पांढरे कोंब आणले, बहुधा या मोसमातले शेवटचे. सोलून उकडले, बरोबर अंडं आणि हॅम. समोरच्या याकोब्सबाईंचा नातू पास झाला, कालपासून त्यांच्या दारावर झेंडा आणि काठीला दप्तर. आज ओडिलच्या दारावरही झेंडा. काठीला तिची हँडबॅग. तिला रुग्णालयाने तपासणीतून मोकळं केलं. मी अभिनंदन केलं नाही. चादरी वाळल्या.

फिना क्रेकेल्स रोज संध्याकाळी, भांडी विसळून झाली की, अशा पाच-सहा ओळी लिही. हे वळण कॉन्व्हेंटच्या शाळेतलं. सिस्टर लुडगेरा सांगत, "आधी हवा, मग काम, शेवटी मन. मनाला एकच ओळ. दुसरी लिहायला गेलीस की खोटं लिहिशील." आता चौऱ्याहत्तराव्या वर्षीही फिना मनाला एकच ओळ देत असे. त्या गुरुवारी ती ओळ लिहिताना पेनाचं टोक कागदात रुतलं.

गावात जून महिना म्हणजे झेंड्यांचा महिना. शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की पोराचे आईबाप दारावर झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं जुनं दप्तर अडकवतात. मास नदीच्या बांधावरून चालत आलं तर कोणाकोणाची पोरं पास झाली ते कोणाला न विचारता कळतं, आणि कोणाची झाली नाहीत तेही. पण ऐंशीला टेकलेल्या बाईची हँडबॅग झेंड्याच्या काठीला लटकलेली आजवर कोणी पाहिली नव्हती. तपकिरी चामड्याची, पितळी कडीची, रविवारी चर्चला न्यायची ती बॅग वाऱ्यावर डुलत होती, आणि खाली ओडिलचा नवरा लेओ शिडीचे पाय धरून आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत होता.

"ए फिना!" त्याने रस्त्यापलीकडून हाक मारली. "बघितलंस का? पास झाली तुझी बहीण! पहिल्या वर्गात!"

"बॅगेत पाणी जाईल, लेओ," फिना म्हणाली.

"जाऊ दे गं! ती रुग्णालयात न्यायचीच बॅग होती. आता लागतेय कशाला?"

तेवढ्यात याकोब्सबाई कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि दोन्ही हात पुढे करून थेट फिनाकडेच वळल्या. "अभिनंदन हं, फिना, बहिणीबद्दल!"

तिथली रीतच तशी. ज्याचं चांगलं झालं त्याचं अभिनंदन करायचं, आणि त्याच्या बायकोचं, भावाचं, सासूचंही. फिनाने आजवर ओडिलबद्दलची अभिनंदनं इतकी घेतली होती की त्यांची एक वेगळी पोतडी भरली असती. ओडिलला चर्चच्या गायनात एकटीचं कडवं मिळालं, अभिनंदन फिना. ओडिलला जुळे नातू झाले, अभिनंदन फिना. आता ओडिलच्या स्वादुपिंडाबद्दल.

"धन्यवाद," फिना म्हणाली. तोंडात लिंबाची साल आल्यासारखं झालं.

"आणि तुझं काय गं? तुलाही तेच होतं ना?"

"माझं सोमवारी कळेल."

"मग होईलच! एकाच आईच्या पोटच्या तुम्ही." याकोब्सबाईंनी तिचा दंड दाबला. "लेओला सांगून ठेव, शिडी आत नेऊ नकोस म्हणावं."

खरं म्हणजे ते दुखणं आधी फिनाचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मुतखड्याने ती जमिनीवर लोळली होती. तेव्हाच्या स्कॅनमध्ये खडा दिसलाच, पण खड्याशी काही संबंध नसलेलं आणखी एक दिसलं. पोटाच्या मागच्या बाजूला आडव्या पडलेल्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडे द्राक्षाएवढी, द्रवाने भरलेली एक पिशवी. डॉक्टर स्लांगन या उंच, किरट्या आवाजाच्या बाईंनी कागदावर झाड काढून तिला समजावलं. मधोमध मुख्य नळी, तिला फुटलेल्या बारीक फांद्या, आणि एका फांदीला आलेला फुगवटा. आत पातळ रस नाही, चिकट बुळबुळीत द्रव. "सत्तरीनंतर शोधायला गेलं तर अशा पिशव्या पुष्कळांत सापडतात," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांना त्या जन्मभर काही करत नाहीत. थोड्यांच्या बिघडतात. कोणाच्या बिघडतील ते आज सांगता येत नाही, म्हणून बघत राहायचं."

फिनाला भीती वाटली, हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंही काही होतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि कोणीतरी दर सहा महिन्यांनी आपल्याला बोलावून आपल्या आत डोकावून बघणार, आपलं माप घेऊन ठेवणार, ही गोष्ट तिला अगदीच वाईट वाटली नाही. रविवारी ओडिलकडे कॉफीला गेल्यावर तिने ते सांगितलं. ओडिलने कप खाली ठेवला. लेओने टीव्ही बंद केला. त्या घरात फिनासाठी टीव्ही बंद होणं ही साधी गोष्ट नव्हती.

तीन महिनेही झाले नसतील. ओडिलला जिना चढताना धाप लागायची, हृदयाची झडप अरुंद झालेली होतीच, फुप्फुसंही अशक्त. त्यासाठी छातीचा स्कॅन काढला, त्यात पोटाचा वरचा भाग आला, आणि तिथे, अर्थातच, पिशवी.

"माझी सव्वीस मिलिमीटर," ओडिलने सांगितलं. "तुझी किती होती गं?"

"अठरा."

"बारीकच आहे."

त्या दिवसापासून फिनाचं दुखणं ओडिलच्या घरात राहायला गेलं. गावात कोणी विचारलं तर आधी ओडिलबद्दल विचारी. दोघींचे एमआरआय एकाच रुग्णालयात, एकाच डॉक्टरांकडे. पोटातलं बाकी पाणी चित्रात मध्ये मध्ये येऊ नये म्हणून आधी अननसाचा रस पाजत. फिनाला एक पेला मिळाला, ओडिल म्हणाली मला दोन दिले. आतल्या त्या घणघणाटात फिना मनातल्या मनात जपमाळ ओढी. ओडिलने सांगितलं की यंत्रावरच्या मुलाने तिच्यासाठी कानात संगीत लावून दिलं.

हे सगळं लहानपणापासूनचं. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा झगा ओडिलसाठी शिवला, सहा वर्षं कापूर घालून पेटीत ठेवला, मग उसवून फिनाला घातला. सिस्टर लुडगेरा तिला बघून म्हणाल्या, "अगदी ओडिलच उभी आहे समोर." त्यांना ते कौतुक वाटलं होतं. पुढे चर्चसमोरचं घर ओडिलचं झालं, गोड आवाज ओडिलचा, आणि ऐंशीव्या वर्षीही सकाळी पलंगापाशी कॉफी आणून देणारा नवरा ओडिलचाच. फिनाचा नवरा शेंग चांगला माणूस होता, पण तो गेला. आणि आता, जी एक गोष्ट फिनाला आधी झाली होती, तिच्यातूनही ओडिल आधी सुटली होती, आणि तीसुद्धा झेंडा लावून.

फिनाचं मात्र सुटण्याच्या दिशेने चाललेलं दिसत नव्हतं. वसंतातल्या एमआरआयमध्ये पिशवी एकदम वाढलेली निघाली, आणि आतल्या भिंतीला काहीतरी चिकटलंय असं वाटलं. म्हणून जूनच्या सुरुवातीला तिला गुंगी देऊन घशातून दुर्बिणीची नळी जठरापर्यंत नेली. त्या नळीच्या टोकाला सोनोग्राफीचं छोटं यंत्र असतं. तिथून, जठराच्या भिंतीआडून, स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं. सुईने पिशवीतला थोडा द्रव ओढून घेतला. त्याचा निकाल सोमवारी होता.

शुक्रवार ते रविवार फिना एकच वाक्य घोकत राहिली. ओडिलला सोडलंत, मलाही सोडा. बटाटे सोलताना घोकलं, रविवारी प्रवचन चालू असतानाही घोकलं. पुढच्या बाकावर ओडिल बसली होती, निळ्या टोपीत, मान थोडी वर करून, जशी पास झालेली माणसं बसतात तशी. मागच्या रांगेतून एकदोघांनी पुढे वाकून तिचा खांदा थोपटला. फिनाने प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरलं होतं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी डॉक्टर स्लांगननी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच फिनाने बोलायला सुरुवात केली.

"डॉक्टर, मला हे पुढे नको. माझ्या बहिणीला तुम्ही मोकळं केलंत. तिची माझ्यापेक्षा मोठी होती. मलाही मोकळं करा."

डॉक्टरांनी हातातला कागद पालथा ठेवला. "तुमच्या बहिणीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, क्रेकेल्सबाई. तुमच्याबद्दल तिच्याशी बोलत नाही, तसंच."

"सगळ्या गावाला माहीत आहे. झेंडा लावलाय."

"झेंडा?"

"आणि हँडबॅग. पास झाली म्हणून."

डॉक्टरांनी पालथा कागद परत सुलटा केला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, याचं फिनाला नवल वाटलं. झेंड्याचं ऐकून सगळेच हसत.

"आधी तुमचं सांगते," त्या म्हणाल्या. "सुईतून आलेला द्रव चिकट होता, अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार धरणारा. त्यात साखर फार कमी. म्हणजे ही चिकट द्रव करणारी जात आहे, बिघडू शकणारी. भिंतीवर सहा मिलिमीटरची गाठ आहे आणि तिला रक्त पोचतंय. नुसता गाळ असता तर रक्त पोचलं नसतं. परवा आम्ही सगळे एकत्र बसलो होतो, शस्त्रक्रियेचे डॉक्टर, चित्रं वाचणारे, पेशी बघणारे. सगळ्यांचं एकमत आहे. स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग काढावा. बरोबर पाणथरी, म्हणजे प्लीहाही काढावी लागेल."

"कर्करोग आहे का?"

"सुईतल्या पेशींत तसं दिसलं नाही. पण सुई सगळीकडे पोचत नाही. काढलेला भाग काप करून बघितल्याशिवाय खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही आणि उगाच घाबरवणारही नाही. आज काढलं तर बहुधा वेळेत काढलं असं होईल."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पोटाला छोटी छिद्रं पाडून करतात. कापलेल्या टोकातून रस झिरपत राहिला तर आठवडेच्या आठवडे नळी ठेवावी लागते, ते त्रासाचं. साखर वाढू शकते. जेवताना पाचक रसाच्या गोळ्या घ्याव्या लागतील कदाचित. पाणथरी जाणार म्हणून आधी लशी घ्यायच्या. फिना सगळं ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर ती तपकिरी बॅग डुलत होती.

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नको. शरीर तुमचं आहे. पण नको म्हणायचं कारण चुकीचं असू नये एवढंच मला वाटतं."

"म्हणजे?"

डॉक्टरांनी शब्द निवडत सांगितलं. "आम्ही दोन कारणांनी बघणं थांबवतो. एक, पिशवी निरुपद्रवी जातीची आहे अशी खात्री पटली तर. काही असतात तशा, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसतात, त्यांच्याकडे परत बघायचं कारण नसतं. आणि दुसरं..." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "बघायचं कशासाठी? वेळ आली तर कापता यावं म्हणून. ज्या माणसाला शस्त्रक्रिया सोसणारच नाही, हृदय सोसणार नाही, फुप्फुसं सोसणार नाहीत, त्याला दर वर्षी यंत्रात घालून काय करायचं? जे कळेल त्याचा उपयोग नाही, नुसता घोर. त्याला आम्ही घरी जाऊ देतो. हे मी सर्वसाधारण सांगतेय."

"सर्वसाधारण," फिना म्हणाली.

"हो. तुमचं हृदय मात्र उत्तम आहे. तुम्हाला सोडायला माझ्याकडे कारणच नाही."

बसमध्ये फिना एकटीच्या बाकावर बसली. बाहेर शेतात शतावरीचे वाफे आता मोकळे सोडलेले, त्यांची हिरवी झुडपं वर येत होती. तिला जे कळलं होतं ते कळल्यावर माणसाला काय वाटायला हवं, ते तिला माहीत होतं. बहिणीसाठी काळीज तुटायला हवं. ते तुटलंही, थोडं. पण त्याच्या आधी, गावाच्या वेशीपर्यंत, तिला जे वाटलं ते वेगळंच होतं. ओडिल पास झालीच नव्हती! तिला परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं. आणि लेओने त्याचाच झेंडा लावला होता. सगळा गाव हात मिळवून अभिनंदन करत होता ते याचं. फिनाच्या पोटात एक ऊबदार, गोड काहीतरी पसरलं, लहानपणी ओडिलची शिवण सिस्टरांनी उसवायला लावली त्या दिवशी पसरलं होतं तसं.

घरी आल्यावर तिने उत्तर द्यायला शनिवारनंतरची मुदत मागितल्याचं वहीत लिहिलं. शनिवारी ओडिलचा ऐंशीवा वाढदिवस होता.

चर्चसमोरच्या घरात शनिवारी दुपारी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडल्या होत्या, दर वर्षीसारख्या. येणारा प्रत्येक जण त्या गोलातून हात मिळवत फिरे. ओडिलला "अभिनंदन", लेओला "अभिनंदन, बायकोबद्दल", फिनाला "अभिनंदन, बहिणीबद्दल", आणि या वेळी दुप्पट, कारण वाढदिवसही होता आणि सुटकाही. फिनाचा हात दुखायला लागला. लेओ ट्रे घेऊन फिरत होता. चेरीचं टार्ट, तांदळाचं टार्ट, कॉफी.

"तिच्या डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या सांगू?" लेओ प्रत्येकाला नव्याने सांगत होता. "म्हणाल्या, आता तुम्हाला आमच्याकडे यायची गरज नाही. बस! उठलो, कोट घातले, घरी आलो. मी म्हटलं, ओडिल, शिडी कुठाय?"

गोलात हशा पिकला. ओडिलही हसली, पण हसताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. मग ती म्हणाली, "मी टार्ट कापून आणते," आणि खुर्चीचे हात धरत उठली.

फिना तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. वाक्य तयार होतं. सोमवारपासून तोंडात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं.

ओडिल टार्ट कापत नव्हती. ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास गोळा करत होती.

"दार लाव," ती म्हणाली. "लेओला दिसायला नको."

फिनाने दार लावलं. "ओडिल, तुला का सोडलं माहीत आहे का?"

"माहीत आहे."

फिना सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मी काय खुळी आहे?" ओडिल म्हणाली. "बाईंनी मला अगदी सरळ सांगितलं. हृदय ऑपरेशन सोसणार नाही, मग बघून काय करायचं. लेओ शेजारीच बसला होता. त्याने पहिलं अर्धं ऐकलंच नाही, त्याने ऐकलं ते 'यायची गरज नाही' एवढंच. गाडीत बसल्यावर शीळ घालायला लागला. किती वर्षांनी शीळ घातली असेल त्याने! मी म्हटलं असू दे. घरी आल्यावर शिडीच आणली. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण बॅग मागितली त्याने माझी, आणि मी दिली."

"सगळा गाव अभिनंदन करतोय."

"करू देत. ऐंशी वर्षं ऐकतेय, आणखी थोडं." तिने मान वर केली. "तुझं काय झालं सोमवारी? खरं सांग. तोंडावरून काही कळत नाही तुझ्या, नुसती आंबट दिसतेस."

"शेपूट काढायचं म्हणतात. पाणथरीसकट. भिंतीला गाठ आहे."

"किती?"

"सहा मिलिमीटर."

फिनाला वाटलं आता ती "बारीकच आहे" म्हणेल. पण ओडिलच्या चेहऱ्यावर जे आलं ते फिनाने याआधी तिथे कधी बघितलं नव्हतं. आरशात मात्र पुष्कळदा बघितलं होतं. ओठ आत ओढलेले, नजर समोरच्यावरून हलत नाही अशी.

"म्हणजे तुला घेणार," ओडिल म्हणाली.

"घेणार म्हणजे? ऑपरेशन आहे, सुट्टी नाही. नळ्या घालतील, साखर होईल, काय काय सांगितलं बाईंनी. मी नको म्हणणार आहे."

"नको?" ओडिलने स्टुलावरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, परत बसली. "नको म्हणणार! ऐका! फिनाबाई नको म्हणणार! तुझ्यासाठी चार डॉक्टर टेबलाभोवती बसले, तुझी चित्रं भिंतीवर लावली, कुठे कापायचं, कसं कापायचं यावर बोलले. माझं चित्र आता कोणी उघडणारसुद्धा नाही. आत काय चाललंय ते मला कळणार नाही, कोणालाच कळणार नाही. मी रात्री पोटावर हात ठेवून पडते आणि विचार करते, आता वाढत असेल का, आता. आणि तू..." तिचा श्वास संपला. तिने हाताने हवेत खूण केली, थांब, मला अजून बोलायचंय. "मला विचारलं असतं ना कोणी, तर या फ्रॉकसकट टेबलावर चढले असते."

बाहेर गोलात कोणीतरी वाढदिवसाचं गाणं धरलं. लेओचा बेसूर आवाज सगळ्यांत वर.

"तुला माझा हेवा वाटतो?" फिनाने विचारलं. प्रश्न तिच्या तोंडून इतक्या आश्चर्याने बाहेर पडला की तिला स्वतःलाच ऐकायला चमत्कारिक वाटलं.

"वाटतो. मग? जळफळाट होतोय माझा." ओडिलने डोळे पुसले, टोचून टोचून, रुमालाच्या टोकाने. "खूश झालीस ना? झालीस. दिसतंय."

फिना खूश झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा ओडिलला तिच्याजवळचं काहीतरी हवं होतं आणि ते ओडिलला मिळणार नव्हतं. आणि ते काय होतं, तर एक सुरी, आठवडाभर रुग्णालयातला पलंग, आणि पुढची कोणी न मोजलेली वर्षं. आनंद होता, आणि त्या आनंदाच्या आतच काहीतरी दुखरं होतं, चेरीतल्या बीसारखं, चावून बघावं असं नव्हतं. असली गोष्ट हातात असताना ती "नको" म्हणून फेकून दिली तर सिस्टर लुडगेरांनी तिला ढ म्हटलं असतं. आणि ओडिलने तर जन्मात माफ केलं नसतं.

"मी हो म्हणेन," ती म्हणाली.

"म्हणच." ओडिलने नाक ओढलं. "पण आज सांगायचं नाही बाहेर. आज कोणाला काही सांगशील तर याद राख. आज माझा दिवस आहे."

"तुझा दिवस नव्हता असं एक वर्ष सांग."

"फिना!"

"नाही सांगत. बाकीचंही सांगणार नाही. लेओलाही नाही."

ओडिलने मान हलवली. लेओला ती स्वतः सांगणार होती, म्हणाली, पण झेंडा उतरवल्यावर, आणि झेंडा तो आपणहून उतरवेल तेव्हा. मग तिने हात पुढे केला. फिनाने तिला दंडाला धरून उठवलं. किती हलकी झाली होती ती! उभं राहिल्यावर ओडिलने टार्टकडे बघितलं आणि म्हणाली, "कापलंच नाहीस अजून? सुरी धरून काय करत होतीस इतका वेळ?"

फिनाने टार्ट कापलं. तिरके, सारखे तुकडे. दार उघडून ती ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा याकोब्सबाईंनी जागा करून दिली आणि विचारलं, "काय गं, सोमवारी काय म्हणाले? तुझाही झेंडा लावायचा का?"

सगळा गोल फिनाकडे वळला. टीव्ही बंदच होता. फिनाला वाटलं, एका वाक्याचं काम आहे. एका वाक्यात ही सगळी खोली माझी होईल, ऐंशीव्या वाढदिवसासकट. दारात ओडिल उभी होती, निळा फ्रॉक, ओठ घट्ट.

"अजून बघतायत," फिना म्हणाली आणि तांदळाचं टार्ट याकोब्सबाईंच्या बशीत वाढलं. "तुम्हाला चेरीचं हवं होतं का?"

संध्याकाळी घरी येऊन तिने कोट टांगला, चहा ठेवला आणि वही उघडली. २२ जून, शनिवार. दिवसभर स्वच्छ, पश्चिमेचा वारा. ओडिल ऐंशीची झाली, पुष्कळ लोक आले. सोमवारी रुग्णालयाला फोन करून होकार कळवायचा. मनाच्या ओळीपाशी ती थोडा वेळ थांबली. मग लिहिलं, 'आज ओडिलला माझा हेवा वाटला.' त्याखाली दुसरी ओळ लिहावीशी वाटली, पण ती तिने लिहिली नाही. त्याऐवजी लिहिलं, उरलेलं दूध नासत आलं होतं, त्याची खीर केली.